काहीच नाही भेटलं, सर

"यावर काही उपलब्ध नाही." ग्रंथपालाने तोंडातून काढू नये असं हे वाक्य. भद्रावतीच्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात बसून मी ते बरीच वर्षं बिनदिक्कत काढलं. कार्डांची लाकडी कपाटं होती तोवर त्याचा फारसा त्रास नव्हता. मुलगा खालचा खण ओढायचा, चुकीच्या अक्षराखाली हात घालायचा आणि शोधत होता त्यापेक्षा बरं काहीतरी घेऊन यायचा. संगणक आला, ई-नियतकालिकांचं एन-लिस्ट आलं, प्रबंधांची शोधगंगा आली आणि पडद्यावर शून्य उमटायला लागलं. त्या शून्याला तहसील कचेरीतल्या शिक्क्यासारखं वजन असतं, ते बघून कोणी वाद घालत नाही. मीही घातला नाही. शून्य आलं म्हणजे काम झालेलं नाही, असं धरून चालत राहिलो.

पहिली फजिती गावाच्या नावावरूनच झाली. महाविद्यालयाच्या वार्षिकांकासाठी मला भद्रावतीच्या प्राचीन इतिहासावर लेख लिहायचा होता. विजासनची लेणी, भद्रनागाचं देऊळ, डोलारा तलावावरचा जुना दगडी पूल, यौवनाश्व राजाचा श्यामकर्ण घोडा, एवढं भांडवल गावातल्या प्रत्येकाकडे असतं. मला संदर्भ हवे होते. इंग्रजीत अख्खं वाक्य टाकलं, 'भद्रावतीचा प्राचीन इतिहास काय आहे', आणि एंटर दाबलं. यंत्राने ढीगभर निकाल दिले आणि त्यातले बहुतेक लोखंडाचे. ब्लास्ट फर्नेस, कामगार संघटना, भद्रा नदीचं प्रदूषण. कर्नाटकात शिवमोगा जिल्ह्यात आणखी एक भद्रावती आहे. म्हैसूर संस्थानाने तिथे लोखंडाचा कारखाना काढला, पुढे त्याला विश्वेश्वरय्यांचं नाव मिळालं, आणि तेव्हापासून अभ्यासकांच्या जगात भद्रावती म्हणजे तीच.

मग मी शहाणपणा केला. ग्रंथालयशास्त्राच्या परीक्षेत पाठ केलेले तीन शब्द आठवले: अँड, ऑर, नॉट. 'नॉट कर्नाटक' जोडलं. लोखंड एका झटक्यात गायब झालं, यादी आटोपशीर झाली, मला धन्य वाटलं. त्या आटोपशीर यादीवर लेख उभा केला. त्यात वाकाटकांनंतर एकदम गोंड राजे येतात. मधली शतकं मी 'अंधारयुग' म्हणून एका परिच्छेदात उरकली.

ते युग अंधारं नव्हतं, दिवा मीच मालवला होता. पुढे दुसऱ्याच कामासाठी नागपूरच्या एका ग्रंथालयात 'एपिग्राफिया इंडिका'चा चौदावा खंड चाळत होतो, तेव्हा मथळा दिसला: राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याचे भांदक ताम्रपट, शके 694. म्हणजे इसवी सन 772. वेरूळचं कैलास ज्याच्या नावावर सांगतात तो हा कृष्णराजा, आणि ताम्रपटांचे संपादक विष्णु सीताराम सुकथनकर, जे पुढे भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीमुळे जगभर ओळखले गेले. माझ्या गावच्या नावाने ओळखला जाणारा, तारखेसकट मिळणारा पुरावा, आणि माझ्या लेखात त्याचा पत्ता नाही. राष्ट्रकूटांविषयी कोणीही काहीही लिहिलं तरी त्यात कर्नाटक हा शब्द येणारच. मी 'नॉट कर्नाटक' म्हटलं तेव्हा लोखंडाच्या कारखान्याबरोबर अख्खं राष्ट्रकूट घराणं बाहेर काढलं. यंत्राने माझं ऐकलं, एवढाच त्याचा दोष.

खरं तर 'नॉट'ची गरजच नव्हती. दक्षिणेकडे इंग्रजीत 'ती' लिहिताना टी-एच-आय लिहायची पद्धत आहे, आपल्याकडे टी-आय. त्यांची भद्रावती बहुतेक वेळा 'थी'ची, आपली 'ती'ची. एवढ्याने सगळं गाळून निघत नाही, पण गाळ बराच खाली बसतो. शिवाय आपल्याच नावात कोणी व्ही घालतो, कोणी डब्ल्यू. मी व्ही घालून बसलो होतो, आणि अर्धी सरकारी कागदपत्रं डब्ल्यूत निघाली.

पण मुळात भद्रावती या नावाने शोधणं हीच चूक होती. रेल्वे स्टेशनच्या पाटीवर आजही भांदक आहे. ती पाटी बघत मी वर्षानुवर्षं गाडी पकडली, आणि शोध घेताना मात्र ती आठवली नाही. साहेबांच्या काळात हे गाव भांदकच होतं, आणि लिहिलं साहेबांच्या काळातच जास्त गेलं. अलेक्झांडर कनिंगहॅमने भांदकवर लिहिलं आहे, ते ज्या खंडात आहे त्याचं नाव 'मध्यप्रांतातील दौऱ्याचा अहवाल, 1873-74 व 1874-75'. त्या नावात भांदक नाही, चांदा नाही, लेणी नाहीत. कॅटलॉग शीर्षक, लेखक आणि मोजके विषयशब्द यांवर चालतो. त्यांत जे नाही ते कॅटलॉगच्या लेखी पुस्तकातही नाही. आता मी आधी स्वतःला विचारतो, हे गाव ज्या पुस्तकात असेल त्या पुस्तकाचं नाव कशावरून पडलं असेल? जिल्ह्यावरून? मग चांदा, कारण चंद्रपूर हे नाव अधिकृतपणे आलं ते 1964 च्या सुमारास. मेजर लूसी स्मिथचा 1869 चा जमाबंदी अहवाल चांद्याचा, 1909 चं बेगबी आणि नेल्सनचं गॅझेटियरही चांद्याचंच. प्रांतावरून पडलं असेल तर मध्यप्रांत, मग मध्यप्रांत आणि वऱ्हाड, 1950 नंतर मध्य प्रदेश, 1956 ला मुंबई राज्य, आणि 1960 पासून महाराष्ट्र. गाव जागचं हललं नाही, त्याच्या वरची पाटी चार वेळा बदलली. 'महाराष्ट्रातील बौद्ध लेणी' असं शोधणाऱ्याला 1960 च्या आधीचं विजासन सहसा लागायचं नाही, कारण तेव्हाच्या लेखकाच्या दृष्टीने ते महाराष्ट्रात नव्हतंच. आणि गडचिरोली? तो जिल्हा झाला 26 ऑगस्ट 1982 ला. त्याआधीचं सगळं गडचिरोली चांद्याच्या पोटात.

जुन्या छापील पुस्तकांची आणखी एक गंमत. त्यांत भांदकच्या पहिल्या ए वर टोपी किंवा आडवी रेघ असते. पानं स्कॅन करून यंत्राकडून वाचवून घेतात तेव्हा त्या टोपीखालचा ए यंत्राला कधी आय दिसतो, कधी डी. म्हणजे पुस्तकात भांदक पाच ठिकाणी आहे आणि शोधपेटीला एकदाच सापडतं. तिथे मी आता शोध सोडतो आणि शेवटी दिलेली स्थलसूची उघडतो, हाताने.

ताम्रपटाची चूक निदान अज्ञानाची होती. शिलालेखाची त्याहून वाईट.

नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, आपल्या अजब बंगल्यात, एक बौद्ध शिलालेख आहे. दक्षिण कोसलच्या पांडुवंशातल्या भवदेव रणकेसरी राजाच्या काळचा. त्यात सूर्यघोष नावाच्या एका आधीच्या राजाची हकीकत येते: त्याचा लाडका मुलगा राजवाड्यावरून पडून मेला, त्या दुःखात राजाने बुद्धाचं मंदिर बांधलं. पुढे ते पडायला आलं, तेव्हा भवदेवाने त्याचा जीर्णोद्धार केला. विजासनच्या टेकडीवर उभं राहून ही गोष्ट सांगितली की ऐकणाऱ्याचे डोळे पाणावतात. मी पाणावलेले पाहिले आहेत, कारण मुलांना घेऊन जायचो तेव्हा मी ती सांगायचो. वार्षिकांकातल्या दुसऱ्या लेखात तर ती मध्यभागी घातली: भांदकचा शिलालेख, भांदकचं बुद्धमंदिर, भांदकचा दुःखी राजा.

काही महिन्यांनी नागपूरहून एका निवृत्त प्राध्यापकांचं पोस्टकार्ड आलं. अक्षर बारीक, मजकूर चार ओळींचा. लेख आवडल्याचं लिहिलं होतं आणि शेवटी: "एकदा आरंग घालून शोधून पाहा."

आरंग हे छत्तीसगडमध्ये रायपूरजवळ. तो शब्द घातला आणि माझ्या लेखाखालची जमीन सरकली. हा दगड मुळात कुठून आला यावरच वाद आहे. फ्रान्झ कीलहॉर्न यांनी 1905 मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीच्या जर्नलमध्ये तो प्रसिद्ध केला, तेव्हा लेखाच्या मथळ्यातच त्याला रतनपूरचा म्हटलं. पुढे काहींनी तो भांदकचा मानला. वासुदेव विष्णु मिराशींनी तो आरंगचा असल्याचं मत मांडलं. म्हणजे एकाच दगडाला तीन गावं लागली आहेत, आणि प्रत्येक पक्षाचा माणूस आपल्या गावाच्या नावाने लिहितो. मी 'भांदक शिलालेख' असं शोधत होतो. निकालात कोण येणार? तो भांदकचा मानणारेच. एकामागून एक सगळे माझ्याशी सहमत, आणि एवढे विद्वान एकमुखाने बोलताहेत हे पाहून मी निर्धास्त. कीलहॉर्नचा मूळ लेख मला कधी दिसला नाही, कारण त्याच्या मथळ्यात रतनपूर होतं. मिराशींचा युक्तिवाद दिसला नाही, कारण त्यांचा दगड आरंगचा होता. मी प्रश्न विचारतोय असं मला वाटत होतं. प्रत्यक्षात निकाल आधी लिहून त्याच्याखाली सह्या गोळा करत होतो.

आता अशा वेळी मी वादाचा विषय असलेला शब्द शोधातून काढतो आणि ज्यावर वाद नाही तो घालतो. दगड कुठला यावर भांडण असेल, राजाचं नाव भवदेव आहे यावर नाही. भवदेव, रणकेसरी, सूर्यघोष यांतलं एखादं नाव घातलं की तिन्ही पक्ष एका यादीत येतात. नावाच्याही तऱ्हा असतातच. ह्युएनत्संगाने पाहिलेली कोसलची राजधानी कोणती, या जुन्या वादात भांदकचंही नाव येतं. तो वाद वाचायचा तर त्या बिचाऱ्या चिनी भिक्षूला किती नावांनी हाक मारावी लागते: कनिंगहॅमचा ह्वेन थ्सांग, बीलचा ह्युएन त्सियांग, वॉटर्सचा युआन च्वांग, आजचा शुआनझांग. माणूस एकच, आणि यातल्या एका नावाने दुसरं सापडत नाही.

सूर्यघोषाची गोष्ट मी अजूनही सांगतो. फक्त अजब बंगल्यात नेऊन सांगतो, टेकडीवर नाही.

हे सगळं माझ्या हौसेपुरतं होतं. एक चूक मात्र दुसऱ्याच्या पदरात पडली.

गडचिरोलीकडची एक मुलगी समाजकार्याच्या एम.फिल.साठी माझ्याकडे यायची. तिचा विषय होता ग्रामीण आणि आदिवासी स्त्रियांचे अंगावर काढलेले आजार. आधी कोणी काम केलंय का, हे तिला आराखड्यात लिहायचं होतं. आम्ही दोघं संगणकासमोर बसलो. मी शब्द सांगत गेलो, ती टाइप करत गेली: ट्रायबल विमेन, अँड रिप्रॉडक्टिव्ह हेल्थ, अँड गडचिरोली. निकाल फार यायला लागले म्हणून मी, मोठ्या अनुभवी माणसासारखा, 'फक्त शीर्षकात शोध' ही खूण करायला लावली. शून्य.

"काहीच नाही भेटलं, सर."

"मग तसंच लिही. यापूर्वी या विषयावर अभ्यास झालेला नाही. चांगलंच आहे, तुझं काम पहिलं ठरेल."

तिने तसंच लिहिलं. आराखड्याच्या मुलाखतीत बाहेरून आलेल्या बाईंनी ते वाक्य मोठ्याने वाचलं आणि विचारलं, "तुम्ही गडचिरोलीच्याच ना?" मग 1989 च्या लॅन्सेटमधल्या राणी बंग यांच्या लेखाचं नाव घेतलं. गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांतल्या 650 स्त्रियांची तपासणी, त्यांतल्या 92 टक्क्यांना एक तरी स्त्रीरोग. या विषयावर जगात कुठेही बोलणं निघालं की ज्या कामाचं नाव निघतं, ते हे काम. आणि त्याच जिल्ह्यातली मुलगी म्हणत होती की असं काही झालेलंच नाही.

परतल्यावर ती रडली नाही, चिडली. "तुमीच तं म्हणलं होतं ना, सर." याला उत्तर नव्हतं.

नंतर एकटा बसून मी तो शोध उलटा तपासला. लेखाचं शीर्षक मराठीत सांगायचं तर 'ग्रामीण भारतीय स्त्रियांत स्त्रीरोगांचं मोठं प्रमाण'. त्यात गडचिरोली नाही, आणि मी फक्त शीर्षकात शोधत होतो. परदेशी नियतकालिकाच्या वाचकाला गडचिरोली माहीत नसते, म्हणून लिहिणारे 'ग्रामीण भारत' लिहितात. याच मंडळींचा घरोघरच्या नवजात बाळांच्या काळजीवरचा 1999 चा प्रसिद्ध लेख, त्याच्याही शीर्षकात 'रुरल इंडिया'च आहे. त्यात ट्रायबल नाही, रुरल आहे, आणि माझ्या 'अँड'ने दोन्हींतला एक शब्द सक्तीचा केला होता. शिवाय रिप्रॉडक्टिव्ह हेल्थ. हा शब्दप्रयोग सर्वतोमुखी झाला तो 1994 च्या कैरो परिषदेनंतर. 1989 मध्ये लिहिणाऱ्याकडून मी 1994 नंतरच्या भाषेची अपेक्षा करत होतो. त्यांचा शब्द होता गायनॅकॉलॉजिकल, तोही इंग्लंडच्या वळणाचा, ए-ई घातलेला. अमेरिकन पद्धतीने लिहाल तर पुन्हा हुकाल.

यातलं काहीही आठवलं नसतं तरी चाललं असतं. डॉक्टर बंग पति-पत्नींचं नाव या दोन जिल्ह्यांत कोणाला माहीत नाही? 1986 पासून ते दोघं गडचिरोलीत आहेत, दारूबंदीच्या चळवळीपासून बालमृत्यूंच्या अहवालापर्यंत वर्तमानपत्रांत त्यांचं नाव मी शेकडो वेळा वाचलं होतं. लेखकाच्या रकान्यात आडनाव टाकलं असतं तर मिनिटभरात सगळं हाती आलं असतं. पण शोध म्हणजे विषयशब्द, असं डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं की जिवंत माणसाच्या नावाने शोधायचं सुचलंच नाही. आणि त्यांच्या संस्थेचं नाव 'सर्च'. सर्च करताना मला सर्च आठवलं नाही, हे मी अजून त्या मुलीपुढे हसून सांगू शकलेलो नाही.

तिचा आराखडा पुढच्या बैठकीत मंजूर झाला. नवा होता, पहिल्यापेक्षा कितीतरी चांगला: 1989 च्या त्या अभ्यासानंतर काय बदललं, हाच तिने विषय केला. याचं श्रेय त्या बाहेरच्या बाईंचं.

रंगनाथनांचे पाच नियम मी परीक्षेत लिहिले, त्यांच्या पद्धतीने विषयाचे पैलू पाडायचे हेही लिहिलं, गुण मिळवले. सिअर्सच्या यादीतून विषयशीर्षकं काढून शेकडो पुस्तकांवर चढवली. पुस्तक आत घालताना ठरलेल्या यादीतला शब्द वापरायचा असतो हे मला पक्कं ठाऊक होतं. पुस्तक बाहेर काढतानाही पलीकडच्या ग्रंथपालाने अशीच कुठली तरी यादी वापरली असणार, हे मात्र ध्यानात आलं नाही. पबमेडच्या यादीत त्या मुलीच्या विषयाला 'जेनायटल डिसीझेस, फीमेल' म्हणतात. नाव आधी, स्त्री नंतर, मधे स्वल्पविराम. हे माणसाला आपण होऊन सुचणं शक्य नाही, बघूनच घ्यावं लागतं. बघायची सोपी रीत अशी की कसाही करून एक बरा लेख पकडायचा आणि त्याला कोणते विषयशब्द लावलेत ते खाली वाचायचं. मग ते शब्द घेऊन परत शोधायला बसायचं. पहिला शोध फक्त शब्द मिळवण्यासाठी असतो. हे कळायला मला नोकरीची बहुतेक वर्षं लागली.

मोहाचंही तसंच. वनस्पतिशास्त्राचा एक मुलगा मोहफुलांवर शोधत होता. मधुका इंडिका, मधुका लाँगिफोलिया, दोन्ही घालून झालं, जुनं काही मिळेना. जुन्या वनअधिकाऱ्यांच्या लेखी ते झाड बॅसिया लॅटिफोलिया होतं. शास्त्रीय नाव म्हणजे कायमचं नाव, असं आम्ही दोघंही समजत होतो. आणि मराठी प्रबंधांत मोह शोधायला जाल तर संतसाहित्य हाती लागतं, ते एक वेगळंच. तिथे आणखी एक अडचण आहे. शोधगंगेवरचे बरेच जुने मराठी प्रबंध युनिकोडच्या आधीच्या फाँटांत टाइप केलेले आहेत. डोळ्यांना पानावर देवनागरी दिसते, यंत्राला नुसता इंग्रजी अक्षरांचा काला. देवनागरीत शब्द टाकून तिथे हाती काही लागत नाही, मार्गदर्शकाचं नाव आणि विद्यापीठ यांवरूनच जावं लागतं.

सध्या मी भद्रावतीच्या कुंभारकामावर शोधतोय. इथल्या ग्रामोदय संघाने मातीच्या भांड्यांत केलेलं काम गावाबाहेरही माहीत आहे, पण त्यावर लिहिलेलं काय आहे, असा प्रश्न एका विद्यार्थ्याने विचारला. टेबलावर मोठा कागद आहे. पॉटरी, सिरॅमिक्स, स्टोनवेअर, टेराकोटा, ग्रामोद्योग, व्हिलेज इंडस्ट्रीज, आणि गावाची सगळी नावं, सगळ्या स्पेलिंगांत. ग्रामोदय टाकलं तर चित्रकूटचं विद्यापीठ पुढे येतं, आणि या खेपेला मी 'नॉट' घातलेलं नाही. खादी ग्रामोद्योग आयोगाची जुनी मासिकं कुठे मिळतात ते विचारायला एक पत्र पाठवलंय. विद्यार्थ्याने काल कागदावर खाली आपल्या अक्षरात एक शब्द वाढवला: 'रांजण'. त्याच्या आजीला विचारून आला होता. इंग्रजीत त्याचं स्पेलिंग काय करायचं, जे घालायचं की झेड, यावर आमचं अजून ठरलेलं नाही.